चिऱ्याच्या भिंतीला ओल येतेय: सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करावा का?

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आमचं पणजोबांच्या वेळचं घर आहे. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, मधे माजघर, पुढे ओटी, तीन बाजूंनी पडव्या, वर मंगलोरी कौलं. भिंतींना पूर्वी चुन्याचा गिलावा होता. काही वर्षांपूर्वी चुलत्यांनी घर 'पक्कं' करायचं ठरवलं आणि आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून घेतला. त्यावर चकचकीत रंग.

आता परिस्थिती अशी: जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत रंग फुगतो, पापुद्रे सुटतात, खाली पांढरी पूड पडते. माजघरात मे महिन्यातसुद्धा कुबट वास. लाकडी कपाट भिंतीपासून हलवलं तर मागे बुरशी. तीन ठेकेदारांना दाखवलं. एक म्हणाला वॉटरप्रूफ पुट्टी मारू. दुसरा म्हणाला चार फुटांपर्यंत टाइल्स लावून टाका, ओल दिसणारच नाही. तिसरा तर घरात शिरायच्या आधीच म्हणाला, "ताई, हे पाडा, स्लॅबचं बांधू."

बाबा तिसऱ्याच्या बाजूने झुकलेत. मला पाडायचं नाहीये, पण नुसत्या हट्टाने भिंत वाळणार नाही हेही कळतं. सिमेंट काढून पुन्हा चुना करता येईल का? कोणी केलंय का?

सिव्हिल_ठाणे

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पाडा. तुमच्या घराला पायात ओल अडवणारा थर नाही, भिंतीत लोखंड नाही, कौलं दरवर्षी चाळावी लागणार. वर्षातले पंधरा दिवस राहायला जाणार आणि उरलेले दिवस काळजी करणार. आमच्याकडे असे किती तरी क्लायंट येतात. आधी भावनिक, मग दमलेले.

पागोळी

सिव्हिल_ठाणे, थोडं थांबा. रोग्याला तपासायच्या आधीच तिरडी बांधायला नको.

खाडीकाठ, मी आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींचंच काम करते. तुमच्या वर्णनावरून ओल खालून चढतेय असं वाटतं, पण आधी एवढं सांगा:

जोतं पूर्वी किती उंच होतं आणि आज किती दिसतं? अंगणात काय आहे, शेणाने सारवलेलं, फरशी की काँक्रीट? पडव्या तशाच आहेत की कुठली बंद केली? पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं? घरात जमीन कसली आहे?

आणि एक साधी परीक्षा करा. भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. कागदाच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर खोलीतली हवाच दमट आहे आणि खिडक्या उघडण्यापासून सुरुवात करायची.

खाडीकाठ

कागद लावला होता. पाणी आतल्या बाजूला, अगदी थेंब थेंब.

बाकीची उत्तरं लिहिताना माझं मलाच काहीतरी दिसायला लागलंय. ओटीवर चढायला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, आता एक उरलीये, कारण अंगणात भर घालून पेव्हर ब्लॉक बसवलेत (गाडी लावता यावी म्हणून). घरातला कोबा काढून व्हिट्रिफाइड टाइल्स घातल्या. मागची पडवी बंदिस्त करून बाथरूम केलं. उत्तरेकडची पडवी पाडली, त्या भिंतीवर आता पाऊस थेट येतो. पागोळ्या पेव्हरवर पडतात आणि उतार आहे तो घराकडेच.

पागोळी

झालं. निदान तुम्हीच केलंत.

सिमेंटचा गिलावा हा यातला एकच आरोपी आहे. सविस्तर लिहिते, कारण कोकणातल्या दर दुसऱ्या घराची हीच कथा आहे.

चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतलं पाणी तो शोषून वर चढवतो, आणि हे थांबवणारा थर जुन्या घरांत नसायचाच. जुन्या लोकांनी पाणी अडवण्यापेक्षा त्याला वाट दिली होती. उंच जोतं, मातीचं अंगण, आत कोबा किंवा सारवलेली जमीन, भिंतीला चुना. जमिनीतला ओलावा अंगणातून उडायचा, घरातल्या जमिनीतून उडायचा, आणि भिंतीत जो थोडा चढायचा तो चुन्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर जायचा. पडवीमुळे भिंतीवर पाऊस पडतच नव्हता. आपल्या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो भिंतीवर घ्यायचाच नाही, हा या घरांचा पहिला नियम.

आता तुमच्याकडे अंगण झाकलं, जमीन झाकली, भिंतीला बाहेरून-आतून रेनकोट चढवला. खालचं पाणी तेवढंच आहे, आणि त्याला उरलेली एकमेव वाट म्हणजे भिंत. तिथेही सिमेंट आडवं आलं की ते आणखी वर चढतं. पांढरी पूड म्हणजे लोणा. पाण्याबरोबर आलेले क्षार, पाणी उडालं की मागे उरतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि रंग, गिलावा, शेवटी चिऱ्याचं तोंडसुद्धा आतून फोडतात. टाइल्स लावल्यात तर ओल टाइलच्या वर, पाचव्या फुटावर दिसायला लागेल. पुट्टी एक पावसाळा टिकेल.

म्हणून क्रम असा: आधी पाणी, मग जमीन, आणि गिलावा सगळ्यात शेवटी. पेव्हर निदान भिंतीपासून तीन-चार फूट काढून टाका, भर उपसून जोतं मोकळं करा, तिथे खडी भरा, उतार बाहेरच्या बाजूला द्या. पागोळ्यांना पन्हाळ लावून पाणी दूर न्या. उत्तरेची पडवी परत बांधा, साधी लाकडी चालेल.

रत्नांग्री_हापूस

+१. वाचनखूण साठवली. आमच्याकडेही पेव्हर ब्लॉकची साथ आलीये.

सिव्हिल_ठाणे

पाण्याच्या निचऱ्याबद्दल पूर्ण सहमत, त्यात वाद नाही. पण सिमेंटला खलनायक करू नका. चूक सिमेंटची नाही, १:३ चा (एक सिमेंट, तीन वाळू) कडक गिलावा मऊ चिऱ्यावर मारणाऱ्याची आहे. चिरा हलतो, तापतो, फुगतो. कडक गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात, पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. पण १:१:६, म्हणजे एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू, हे मिश्रण पुस्तकातलंच आहे. गावातल्या गवंड्याला जमेल असं काहीतरी सांगा. शुद्ध चुन्याचा कारागीर दापोलीत कुठून आणणार?

गवंड्याचा_नातू

दापोलीत नाही मिळणार कदाचित, पण मिळतो. माझे आजोबा चुन्याचे गवंडी होते, बैलाच्या घाणीवरचे. लहानपणी आमच्या आवाराच्या कडेला घाणीचं दगडी चाक पडलेलं असायचं.

किनाऱ्याला शिंपल्यांचा चुना असायचा. खाडीतल्या शिंपल्या भट्टीत भाजायच्या, घाटावर चुनखडी. भाजून निघालेली कळी पाण्यात टाकली की उकळ्या फुटतात, वाफ उठते, डोळ्यांत गेलं तर डोळा जातो, म्हणून चष्मा घातल्याशिवाय जवळ जायचं नाही. मग तो विरवलेला चुना पाण्याखाली मुरायला ठेवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा. घाणीत चुना, वाळू आणि सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) तासन्‌तास मळायची. सुरखीमुळे चुना ओलाव्यातसुद्धा घट्ट होतो, नाहीतर नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो. गूळ, हिरडा, बेलफळाचा चिकट गर, मेथी, उडदाचं पाणी हे प्रत्येक गवंड्याचं आपापलं. आजोबा गुळाचं प्रमाण कुणाला सांगायचे नाहीत, आजीलासुद्धा नाही.

दोन गोष्टी लिहून ठेवा. समुद्राची किंवा खाडीची खारट वाळू अजिबात नको, लोणा तुम्ही स्वतःच भिंतीत भराल. आणि रंगाच्या दुकानात सफेदीसाठी मिळणारी चुन्याची पिशवी गिलाव्याला चालत नाही.

शनिवारपेठी

हे सगळं वाचायला छान आहे. पण मंडळी, चुना, बेलफळ, गूळ... हे मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयाला परवडतं. १८७२ ची इमारत, २००५ मध्ये युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कार, सगळं मान्य. ऑपेरा हाऊसलाही २०१७ मध्ये मिळाला. आमच्या पेठेतल्या वाड्याला मात्र सात भाडेकरू, चार वारसदार, आणि त्यातला एक कॅनडात.

आमच्या वाड्याच्या खालच्या मजल्याला दगड, वरच्याला कच्च्या विटा, तळखड्यावर सागाचे खांब. खांब अजून ठणठणीत. पडलं काय, तर भाडेकरूंनी वरच्या मजल्यावर केलेल्या मोऱ्यांच्या खालची तुळई. पाणी झिरपत राहिलं, आतून वाळवी, वरून ऑइलपेंट, त्यामुळे कुणाला दिसलंच नाही. वाडा पाडायचा निर्णय झालाय. बिल्डरने ब्रोशरवर कमळाच्या नक्षीची महिरप छापलीये, बहुतेक प्रवेशद्वाराला फायबरची लावेल.

पागोळी

शनिवारपेठी, वाड्यांचा प्रश्न वेगळाच आहे हे खरं. तिथे ओलीपेक्षा भाडेकरू कायदा आणि चटईक्षेत्र जास्त वाडे पाडतात. पण संवर्धन म्हणजे फक्त संग्रहालयं, असं नका म्हणू. २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळालेल्यांत भायखळा स्टेशन होतं. रोज लोकल थांबते तिथे, लोक चहा पितात, भांडतात. वापर चालू ठेवून दुरुस्ती होते.

आणि खाडीकाठ यांच्या घराला बेलफळाचीही गरज नाही. चुना, सुरखी, चांगली वाळू आणि धीर असला की पुरे.

माळवद

मी लातूर जिल्ह्यातला. हा धागा वाचताना पोटात कालवाकालव होतेय म्हणून लिहितोय.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावं झोपली होती. किल्लारीच्या पट्ट्यात भूकंपात हजारो माणसं गेली. घरं कसली होती? दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे वाशांवर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट थर, आणि गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वरून आणखी माती. उन्हाळ्यात घर गार राहायचं, खरंय. पण ते वजन डोक्यावर घेऊन लोक झोपायचे. त्यानंतर आमच्याकडे 'मातीचं घर' म्हटलं की म्हातारी माणसं अजून छताकडे बघतात. आमच्या गावाने पत्रा स्वीकारला, उकाड्यासकट स्वीकारला. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की मातीचं घर श्वास घेतं?

सिव्हिल_ठाणे

माळवद, या प्रतिसादासाठी आभार. धाग्यात हे यायलाच हवं होतं.

पागोळी

माळवद, तुमच्या अनुभवापुढे मी काय लिहू. तरी एक गोष्ट लिहिते, कारण ती तिथेच दिसली होती.

भूकंपानंतर जी पाहणी झाली तिच्यात असं आढळलं की अनेक घरांत भिंती कोसळल्या तरी आतला लाकडी सांगाडा, खांब-तुळयांचे खण, उभा राहिला होता. माणसं गेली ती मुख्यतः भिंतींच्या दगडांखाली. त्या भिंती दोन पदरी असायच्या, बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मधे चिखल आणि ठिकऱ्या. दोन्ही पदरांना आरपार बांधणारा लांब दगडच नाही. हादरा बसला की पदर सुटे झाले. म्हणजे दोष मातीत होता त्याहून जास्त जोडणीत आणि डोक्यावरच्या वजनात. आयएस १३८२८ हे भारतीय मानक नेमकं अशा दुबळ्या बांधकामांसाठी आहे. आरपार दगड, खिडकीच्या वर आणि छताखाली चारी भिंतींना बांधणारा पट्टा, कोपऱ्यांची जोडणी, आणि हलकं छप्पर.

खाडीकाठ, हे तुम्हालाही लागू आहे. चुन्याच्या नादात हे विसरू नका. वासे ज्या पाटावर टेकतात तो लाकडी पाट सगळीकडे सलग आहे का, कोपऱ्यात नीट जोडलाय का, ते बघून घ्या. घर उघडलंच आहे तर याच वेळी करा.

माळवद

सांगाडा उभा होता हे खरं आहे. आमच्या मामांचं घर तसंच उरलं होतं, नुसते खांब. पण पुनर्वसनाच्या वेळी लाकूड वाचवा असं कुणी म्हटलं नाही. लोकांनी खांब विकले. आज तेच खांब शहरातल्या हॉटेलांत उभे असतील.

बार्देसकार

नमस्कार. एक मुद्दा राहिला. सध्या आमच्याकडे गोव्यात आणि सिंधुदुर्गात नवीन खूळ आहे: गिलावा सगळा खरवडायचा, चिरा उघडा करायचा आणि त्यावर वॉर्निश नाहीतर क्लिअर कोट. फार्महाऊसवाल्यांना 'रस्टिक' पाहिजे असतं. फोटो बरे येतात. पण चकचकीत लेप मारला की ती पुन्हा बंद भिंतच की! गोव्यातली जुनी घरं बहुतेक गिलावा करून रंगवलेलीच होती. चिरा उघडा ठेवायचा तर रुंद छपराच्या खाली ठेवावा. चार्ल्स कोरियांच्या पणजीतल्या कला अकादमीत चिरा काय सुंदर वापरलाय. (तिथल्या नूतनीकरणाच्या वेळी २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं. त्यावर लिहायला बसलो तर धागा भलतीकडेच जाईल.)

एडिनबरा_मावशी

इकडची गंमत सांगते. स्कॉटलंडमध्ये १९१९ पूर्वीच्या घरांना 'पारंपरिक बांधणीची' म्हणून वेगळंच मोजतात, आणि दुरुस्तीला चुना वापरा असं सरकारी वारसा संस्थाच सांगते. कारण अगदी हेच: मधल्या काळात सगळ्यांनी दगडी भिंतींना सिमेंट थापलं आणि आत बुरशी आली. आमच्या इमारतीचं सिमेंट काढायला आलेला कारागीर मला चुना म्हणजे काय ते समजावत होता. मी म्हटलं, बाबा रे, माझी आजी पानाला लावायची.

वानरसेना

भिंतीचं झालं, आता वरचं कोण बघणार? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या श्रीवर्धनला आळीच्या आळी उघडी पडली. त्यानंतर अर्ध्या गावाने कौलं काढून निळे पत्रे टाकले. मे महिन्यात दुपारी त्याखाली बसून दाखवा.

कौलं नुसत्या वजनावर रिपांवर (लाकडी पट्ट्यांवर) बसलेली असतात. वारा आधी वळचणीच्या ओळी उचलतो, मग आढ्याची. एकदा कड उचलली की आत शिरलेला वारा उरलेलं छप्पर खालून ढकलतो. म्हणून वळचणीच्या दोन-तीन ओळी, आढं आणि कडा तारेने रिपांना बांधून घ्या. मंगलोरी कौलाला त्यासाठी भोक असतं, पण बांधायचा कंटाळा केला जातो. रिपा कुजलेल्या असतील तर आधी त्या बदला.

वानरांवर मात्र उपाय नाही. कौलाखाली पत्रा घालून घ्या म्हणतात, म्हणजे कौल फुटलं तरी गळत नाही. आम्ही घातलाय. आवाज होतो, पण गळत नाही.

सिव्हिल_ठाणे

बरं, पाडा हा शब्द मी तूर्तास मागे ठेवतो. स्लॅबबद्दलही खरं तेच लिहितो. समुद्राच्या हवेत स्लॅबलाही अमरपट्टा नसतो. खारी हवा काँक्रीटमधून लोखंडापर्यंत पोचली की सळई गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट तुकड्यांनी सुटतं. खारट वाळू वापरली असेल तर आणखी लवकर. किनाऱ्यावरच्या गावांत तीस वर्षांच्या आतले असे स्लॅब मी ठोकून बघितलेत.

पण एक व्यावहारिक शंका. सिमेंटचा गिलावा चिऱ्याला घट्ट धरून असेल तर काढताना चिऱ्याचं तोंड निघून येईल. मग काय?

पागोळी

रास्त शंका. म्हणून सगळ्या घराला एकदम हातोडा लावायचा नाही. बाथरूमच्या बाजूच्या भिंतीवर दोन हात जागा निवडून छिन्नीने, हलक्या हाताने काढून बघायचं. ब्रेकर मशीन नको. तुमच्या घरात खालचे तीन-चार फूट फुगलेच आहेत, ते सहज निघतील. वर जिथे घट्ट आणि कोरडं आहे तिथे राहू द्या, निदान या वर्षी. एका वर्षात सगळं घर शुद्ध करायची गरज नाही.

सिमेंट निघालं की लोणा कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकायचा. धुवायचा नाही, धुतला की क्षार पुन्हा भिंतीत शिरतात. मग एक पावसाळा भिंत तशीच उघडी ठेवता आली तर उत्तम. नाही जमलं तर चुन्याचा पहिला पातळ गिलावा करा आणि तो बळी जाणार हे धरून चाला. एक-दोन वर्षं क्षार तो ओढून घेईल, खराब होईल, मग तो काढून पक्का करायचा. ठेकेदार हे सांगत नाहीत, कारण "दोन वर्षांनी पुन्हा करावं लागेल" म्हटलं की काम जातं.

१:१:६ बद्दल: नवीन पडवीच्या भिंतीला खुशाल वापरा. जुन्या ओल्या भिंतीच्या पायथ्याला नको, सिमेंटमधूनही क्षार येतातच. आणि वर रंग म्हणून प्लॅस्टिक इमल्शन मारलंत तर सगळी मेहनत वाया. चुन्याची सफेदी, त्यात हवी तर काव नाहीतर गेरू (तांबडी माती).

शनिवारपेठी

काव! आमच्या वाड्याच्या जिन्याला होती. पांढऱ्या धोतरांना लागायची.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. माळवद यांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि मग विचारलं, आपला पाट कोपऱ्यात जोडलाय का? रविवारी शिडी लावून बघणार आहेत. पाडायचा विषय बंद झालेला नाही, पण "आधी पेव्हर काढून बघू" इथपर्यंत आलेत. चुलते थोडे नाराज आहेत, गाडी कुठे लावायची म्हणतात.

ठरवलंय ते असं: पावसाआधी फक्त पेव्हर, उतार आणि पन्हाळ. वळचण बांधून घेणार. गिलाव्याला दिवाळीनंतर हात. माजघरातल्या टाइल्सचं काय करायचं ते अजून ठरत नाही.

पागोळीताई, चुन्याचा मिस्त्री चांगला आहे हे ओळखायचं कसं? इथे सगळेच "चुना? येतो की!" म्हणतात.

पागोळी

टाइल्स तूर्तास राहू द्या, फक्त भिंतीलगतची एक ओळ सगळीकडून काढा आणि तिथे वाळू-चुन्याचा कोबा भरा. तेवढ्यानेही फरक पडतो.

मिस्त्रीला तीन गोष्टी विचारा. चुना किती दिवस मुरवणार? "आज भिजवून उद्या लावू" म्हणाला तर नमस्कार करा. दोन थरांमध्ये किती थांबणार? आठवड्यांत उत्तर आलं पाहिजे, दिवसांत नव्हे. गिलावा उन्हापासून कसा झाकणार? ओली गोणपाटं, असं म्हणाला तर त्याला चहा द्या. मग एका भिंतीवर चार बाय चार फुटांचा नमुना पैसे देऊन करून घ्या आणि महिनाभर काही करू नका. नखाने उकरून भुगा पडला तर चुना कच्चा आहे. बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजलं तर भिंत नीट भिजवलेली नव्हती. जाळ्यासारख्या भेगा पडल्या असतील तर चुना जास्त झाला नाहीतर फार लवकर वाळला.

नमुना पास झाला तरच बाकीचं काम द्या, आणि ते देताना चुलत्यांना बरोबर घ्या.

गवंड्याचा_नातू

आमच्या आजोबांच्या हाताखालचे एक जण अजून काम करतात, मंडणगडकडे. फार बोलत नाहीत, मोबाइल उचलत नाहीत, पण चुना मुरल्याशिवाय थापीला हात लावत नाहीत. विचारून बघतो, हो म्हणाले तर व्यक्तिगत निरोप करतो. मजुरी रोजावर घेतात, ठेका घेत नाहीत, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.